बाराच्या ठिकाणी मांजर

शिकलेल्या माणसानं किती मूर्ख असावं याला काहीतरी धरबंध हवा. देवरीत आम्ही ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या सरांना तो नव्हता.

सर एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मूळचे गोंदिया शहरातले. त्यामुळे शांत असले की पुस्तकी मराठी आणि चिडले की सरळ हिंदी. अंगानं किडकिडीत, मान नेहमी थोडी पुढे आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगीत खडू. कॉलेजात पांढरेच खडू मिळत, म्हणून लाल, पिवळा, निळा ते पदरचे आणत. धुण्याच्या दिवशी काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे हात रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसत.

हे खडू वर्तुळं काढण्यासाठी असत. सरांना जगात सरळ रेषेत घडणारी एकही गोष्ट माहीत नव्हती. तुम्ही काहीही विचारा, ते खाली वाकून फरशीवर एक वर्तुळ काढणार, त्याला बाण काढणार, आणि ‘सायकल समजून घ्या’ म्हणणार. आमगावची बस रोज उशिरा का येते, हे त्यांनी मला एकदा बसस्टँडवर वर्तुळ काढून समजावलं. ते समजावून होईपर्यंत बस आली आणि निघूनही गेली. भारनियमनाचं वर्तुळ होतं, नळाच्या पाण्याचं होतं. भाडेकरूचंही होतं. त्यात घरमालक हा आश्रय देणारा प्राणी आणि भाडेकरू हा त्याच्यावर जगणारा जीव. हे त्यांनी मला आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच पाटावर बसून, आमचीच पोळी खात सांगितलं होतं.

पण त्यांचं लाडकं वर्तुळ मांजरीचं.

ते मी इतक्यांदा पाहिलंय की आजही झोपेतून उठवलं तर काढून देईन. सगळ्यात वर, घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी, मांजर. तिथून खाली येणारा पहिला बाण तिच्या विष्ठेचा. त्या विष्ठेतून डोळ्यांना न दिसणारा एक जंतू बाहेर पडतो आणि मातीत पडून राहतो. तो तिथं महिनोन्महिने टिकतो. मातीतून तो उंदराच्या पोटात जातो, त्याच्या मांसात आणि मेंदूत घर करतो. मग त्या उंदराला मांजरीची भीती वाटेनाशी होते. तो बिनधास्त तिच्या पुढ्यात हिंडतो, मांजर त्याला खाते आणि जंतू परत बाराच्या ठिकाणी. तिथंच, मांजरीच्या आतड्यातच, त्याची पुढची पैदास. मातीपासून एक फाटा बाजूला निघायचा. मातीतून बकरीत आणि बकरीच्या मटणातून माणसात, नाहीतर मातीतून सरळ माणसाच्या तोंडात. या फाट्याच्या टोकाला सर एक पोटुशी बाई काढत. तिच्या पोटात लाल खडूनं एक ठिपका देत आणि मग त्या ठिपक्यावर फुली मारत.

हे सगळं खरं आहे. मी नंतर डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. सरांचं वर्तुळ चुकलेलं नव्हतं. ते फळ्यावरून खाली उतरून परसात आलं की मात्र सर त्याला ओळखत नसत.

तो जंतू त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. कॉलेजात सूक्ष्मदर्शक होता. पण पोरं हात लावून खराब करतील म्हणून सरांनी तो कपाटात ठेवून किल्ली घरी आणली होती, आणि ती किल्ली काकू धान्याच्या कोठीच्या किल्लीबरोबर दोरीत ओवून ठेवत. ‘पाहायची गरज काय? पुस्तकात आहे ना,’ असं सर म्हणत.

मांजरींशी त्यांचं उघड वैर होतं. कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी निळीचं पाणी भरलेल्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. आमच्याकडे लोक त्या कुत्री फिरकू नयेत म्हणून ठेवतात. मांजरींना त्यांचं काहीच वाटत नसे. उलट त्या बाटल्यांना पाठ घासून उन्हाला पडत. मग सर बनियनवर बाहेर येत, ‘अरे भगाओ उसको! भगाओ!’ असं ओरडत आणि स्वतः मात्र दाराच्या आत उभे राहत. हाकलायला काकूंनी जायचं.

गल्लीतल्या बाया मांजर आडवी गेली की दोन पावलं थांबत. सर त्यांना फार हसत. ‘एकविसाव्या शतकात असल्या अंधश्रद्धा!’ म्हणत. आणि त्यांना स्वतःला मांजर आडवी गेली की सायकलवरून उतरून उभे राहत, दुसरं कोणीतरी पुढे जाईपर्यंत हलत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘आमचं कारण शास्त्रीय आहे. तिच्या पायाला माती असते.’ थांबणं तेच, थांबायची जागा तीच, फक्त कारण शास्त्रीय. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवताजेवता ठसका लागेपर्यंत हसला होता.

सरांचा दुसरा जीव परसातल्या वाफ्यांवर. आमच्या मागच्या दारापासून त्यांच्या न्हाणीपर्यंत सांभार, म्हणजे कोथिंबीर, शिवाय पालक, मेथी, मुळा. माती ते वाळूच्या चाळणीनं चाळून घेत, खडा म्हणून राहू देत नसत. पिठासारखी मऊ, भुसभुशीत माती. सगळ्या गल्लीत तशी माती दुसरीकडे कुठं नव्हती, आणि हे गल्लीतल्या प्रत्येक मांजरीला ठाऊक होतं. सकाळी सर आंघोळीला गेले की एकेक येई, उकरी, बसे, झाकून टाकी आणि जाई. मी मागच्या दारात भांडी घासताना हे रोज पाहायची. मांजरी असतातच तशा, एवढंच तेव्हा मनात यायचं.

तोच सांभार सर खुडून घरोघरी वाटत. भाजी वाटताना त्यांचा एकच आग्रह असे, ती धुवायची नाही. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं धुण्यानं वाहून जातात, हा त्यांचा शोध होता. म्हणून ते जुडी झटकत, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत आणि दोन काड्या तिथल्या तिथं तोंडात टाकून दाखवत. तसंच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटण आलं की कलेजी निखाऱ्यावर नुसती दाखवून खात. जास्त भाजली तर प्रथिनं जळतात म्हणे. वर्तुळातल्या मातीच्या बाणावर आणि मटणाच्या बाणावर हा माणूस रोज उभा राहत होता, आणि हातात काठी घेऊन मांजर शोधत होता.

काकू एकदा मला न्हाणीच्या आडोशाला हळूच म्हणाल्या, ‘मी धुते हो भाजी. तीनदा धुते. त्यांना सांगू नका.’

आमच्याकडे भुरी आली ती सासूबाईंमुळे. सासूबाई सालेकशाकडच्या खेड्यातल्या. नवरा वनखात्यात कारकून, त्याची बदली देवरीला झाली तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या आणि येताना घरचा तांदूळ घेऊन आल्या. तांदळामागोमाग सरांच्या कोठीतले उंदीर आले. उंदरांनी पोतीच्या पोती कुरतडली. मग सासूबाई गावी जाऊन टोपलीत घालून एक राखाडी पिल्लू घेऊन आल्या. ‘पोरापेक्षा बरी हाये,’ म्हणायच्या, ‘सांगितलेलं ऐकते.’ भुरी त्यांच्या पायाशी झोपे, त्यांच्या ताटातला दूधभात खाई, आणि भाजी निवडायला मी बसले की माझ्या मांडीवर येऊन बसे. उंदीर महिन्याभरात दिसेनासे झाले. त्याचा फायदा सरांच्या कोठीलाही झाला, पण सरांनी त्याचं श्रेय कोठीच्या नव्या झाकणाला दिलं.

मांजर ठेवण्याला त्यांचा विरोध होताच. पण तेव्हा सरांचं कोण मनावर घेतं? आम्ही हो हो म्हणायचो.

मग मला दिवस गेले, आणि चौथा महिना लागता लागता ते गेलं.

याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, पुष्कळदा कारण सापडत नाही, तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. मी ते शब्द धरून घरी आले. तेवढेच होते माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी सर भेटायला आले. खोलीत सासूबाई, शेजारच्या दोघीतिघी, नवरा, आणि मी भिंतीला टेकून. सर पाटावर बसले. चहा घेतला. मग खिशातून लाल खडू काढून त्यांनी आमच्या शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर वर्तुळ काढायला घेतलं. वर मांजर, मग माती, मग उंदीर, मग फाटा. फाट्याच्या टोकाला बाई. बाईच्या पोटात ठिपका.

‘मी सांगत होतो,’ ते म्हणाले. ‘मांडीवर घेऊन बसायच्या. मी या डोळ्यांनी पाहिलंय.’

आणि त्यांनी ठिपक्यावर फुली मारली.

मला ती फुली अजून दिसते. दुःखाला आलेल्या माणसानं काहीही बरळावं, ते मी सोडून देते. पण या माणसाला माझ्या लेकराचं काही पडलेलं नव्हतं. त्याला त्याच्या वर्तुळासाठी एक जिवंत उदाहरण मिळालं होतं आणि त्याचा चेहरा उजळला होता. तेवढ्यासाठी मी त्याला कधी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

सासूबाई त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. मग त्या म्हणाल्या, ‘म्हंजे मास्तर, माह्या भुरीनं खाल्लं लेकरू?’

‘शास्त्रीयदृष्ट्या, होय,’ सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं भुरीला पोत्यात घातलं. खात्याच्या कामासाठी त्याला दरेकशाला जायचंच होतं. मोटरसायकलच्या मागं पोतं बांधलं आणि तिकडे स्टेशनच्या पलीकडे जंगलाच्या अंगाला सोडून आला. पोतं बांधताना सासूबाई घरात होत्या, बाहेर आल्या नाहीत. तो परत आला तेव्हा मी विचारलं, ‘पळाली का लगेच?’ तो म्हणाला, ‘नाही. तिथंच बसून राहिली, गाडीकडे पाहत.’

त्यानंतर घरात माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त कोणी पाहुणा आला की सासूबाई हलक्या आवाजात सांगत, ‘मांजर घेऊन बसे मांडीवर. तिले सांगनारं कोनी नव्हतं.’ आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येई. लग्नकार्यात बाया माझ्याकडे पाहून एकमेकींच्या कानाला लागत. मांजर आणणाऱ्या सासूबाई, मांजर पोसणारं सगळं घर, पण मांडी तेवढी माझी होती. सरांच्या लाल फुलीनं लेकराबरोबर माझ्यावरही काट मारली होती. मी मात्र त्या दवाखान्यातल्या वाक्याला धरून बसले होते, आणि ते वाक्य दर महिन्याला थोडं थोडं सुटत होतं.

उंदीर अर्थातच परत आले. सरांच्या कोठीचं नवं झाकण त्यांनी आठवड्यात कुरतडलं.

पुढं दोनेक वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी गोंदियाच्या बाईडॉक्टरांकडे गेले आणि पहिल्याच भेटीत मांजरीचं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, ‘ताई, तुम्हाला हा जंतू कधी शिवलेलाच नाही. एकदा झाला असता तर त्याची खूण रक्तात कायम राहिली असती. पुसली जात नाही ती. तुमच्या रक्तात ती नाही.’

‘म्हणजे मागच्या वेळी?’

‘मागच्या वेळीही नाही. मांजरीचा काही संबंध नव्हता. तुमचाही नव्हता.’

मी बाकावर बसून राहिले. नर्स पाणी घेऊन आली. डॉक्टर पुढं सांगत होत्या, की कधी झाला नाही म्हणूनच आता जपायला हवं. मांजरीच्या अंगाला हात लावल्यानं हा रोग क्वचित होतो. मांजरीलाही लहानपणी पहिल्यांदा लागण होते तेव्हा ती थोडे दिवसच जंतू बाहेर टाकते. खरी भीती मातीची. परसातल्या मातीत हात घालू नका, कच्ची पालेभाजी चांगली धुतल्याशिवाय तोंडात टाकू नका, मटण कच्चं राहू देऊ नका. डॉक्टर बोलत होत्या आणि मला डोळ्यांपुढे सरांचा दुपट्टा दिसत होता, जुडीवर फिरणारा.

घरी आल्यावर मी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. नवरा मान खाली घालून ऐकत राहिला. सासूबाईंनी एकच विचारलं, ‘कुठसा सोडली होती तिले?’ त्यानं सांगितलं. त्या उठल्या आणि चुलीपाशी गेल्या.

मी सरांकडेही गेले. मला वाटलं होतं, माणूस निदान ओशाळेल. सर व्हरांड्यात चाळणी दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रक्त कुठं तपासलं? नागपूरला की गोंदियाला?’

‘नागपूरला पाठवलं होतं.’

‘वाटेत गरम झालं असेल,’ सर म्हणाले. ‘रिपोर्ट चुकतो. सायकल चुकत नाही.’

मग त्यांनी उठून मला सांभाराची एक जुडी दिली. दुपट्ट्यानं पुसून. ‘अशा दिवसांत कच्चा खा. धुऊ नका.’ मी ती घेतली, त्यांच्या देखत त्यांच्याच नळाखाली धरली, माती धुतली, आणि तरीही घरी नेऊन फेकून दिली. हे मी मुद्दाम केलं होतं, पण त्यांना त्यात काही कळलं असेल तर शपथ. ‘गई सब विटामिन नाली में,’ एवढंच म्हणाले.

त्या माघात शेजारची एक गोंड बाई दरेकशाजवळच्या कचारगडच्या जत्रेला निघाली. तिच्या सोबतीनं सासूबाईही निघाल्या. त्या कधी कुठल्या जत्रेला जाणाऱ्यातल्या नव्हत्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा पायाला धूळ आणि पदराला रानगवताचा चिकटा लागलेला. शेजारणीनं मला नंतर सांगितलं, ‘गडावर आलीच नाही वो तुही सासू. दरेकशाच्या टेसनाच्या मांगं दिवसभर फिरून राहिली. भुरे, भुरे करून. गार्डानं विचारलं, कोन हरवलं? तर म्हने, पोरगी.’

भुरी सापडली नव्हती. सासूबाई त्याविषयी घरात एक अक्षर बोलल्या नाहीत. मांजरीची त्यांनी तशी माफी मागितली, असं म्हणायला हरकत नाही. माझ्याशी मात्र त्या त्यावर बोलल्या नाहीत. मी वाट पाहत होते. पाहुण्यांना सांगणं त्यांनी बंद केलं, एवढंच झालं. पण जे सांगून झालं होतं ते गावभर तसंच होतं. ते परत घ्यायला त्या कोणाच्या घरी गेल्या नाहीत.

सातव्या महिन्यात माझं डोहाळेजेवण झालं. मागच्या दारापाशी सतरंजी घातली होती. ऊन छान होतं म्हणून दार सताड उघडं. गल्लीतल्या बाया जमल्या. पुरुषांना बोलावलेलं नव्हतं, पण सरांना बोलावणं लागत नसे. ते टोपलीभर भाजी घेऊन आले, दारातच उभे राहिले आणि बोलू लागले. मांजर, माती, उंदीर. ‘गर्भवतीच्या घराच्या पन्नास फुटांत मांजर असता कामा नये,’ असं ते सांगत होते. बायांच्या पोळ्या निवत होत्या.

तेवढ्यात भिंतीवरच्या निळ्या बाटल्यांमधून गल्लीतला थोराड बोका खाली उतरला. सरांची पाठ होती, आम्हा सगळ्यांचं तोंड तिकडेच. तो सावकाश सांभाराच्या वाफ्यात गेला, नाकानं जागा पाहिली, पुढच्या पायांनी खड्डा केला, बसला. बसल्यावर त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही नजर दुसरीकडे वळवावी. उठून नीट माती ओढली. कोवळ्या सांभाराच्या दोन काड्या मातीखाली गेल्या.

एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. सरांनी मागं वळून पाहिलं.

‘सर,’ मी म्हणाले, ‘हा तुमच्या सायकलमधला कोणता बाण?’

सर गोंधळले. मी त्यांना आयुष्यात एवढं एकदाच गोंधळलेलं पाहिलं. खिशातला खडू हातात आला, परत खिशात गेला. मग ते सावरले आणि म्हणाले, ‘तो बोका आहे. बोक्याचा प्रश्न नसतो.’

बाया पोट धरधरून हसल्या. प्राणिशास्त्र शिकवण्यात केस पिकलेला माणूस! सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, सरांच्या हातातली टोपली घेतली, परसात गेल्या आणि सगळी भाजी वाफ्यात उपडी करून रिकामी टोपली त्यांच्या हातात दिली.

‘जेवून जा मास्तर,’ म्हणाल्या. ‘आता इथली भाजी नाही आमच्या ताटात.’

आणि सर जेवून गेले. भाजी कोणाची, हे न विचारता दोनदा वाढून घेतली.

मुलगी झाली. पुढं नवऱ्याची बदली झाली, आम्ही देवरी सोडलं. सर अधूनमधून कोणाच्या तरी बोलण्यात येत. आपल्याला वाटतं, असली माणसं वयानं शहाणी होत असतील. ती फक्त म्हातारी होतात.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हा काकूंचा फोन आला. सर निवृत्त होताहेत, कॉलेजात सत्कार आहे, तुम्ही सगळ्यांनी यायचंच. सरांसाठी मी गेले नसते. काकूंसाठी गेले. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सासूबाई, मी आणि मुलगी अशा तिघी. सभागृहात माजी विद्यार्थी, गावातले लोक, आमच्या जुन्या गल्लीतल्या बायाही होत्या. शाल झाली, नारळ झाला, तीनचार भाषणं झाली. मग सर उठले. मागं फळा होता आणि खिशात खडू होते.

शिक्षण म्हणजे काय, यावर ते थोडं बोलले. मग म्हणाले, ‘शास्त्र जीव वाचवतं, याचा पुरावा माझ्याकडे आहे. माझ्या घरी एक भाडेकरू भगिनी होत्या. त्यांचं पहिलं अपत्य मांजरीमुळे गेलं. मी तेव्हा त्यांना खडूनं सायकल काढून दाखवली, मांजर घरातून काढायला लावली. आणि त्यांचं दुसरं अपत्य आज इथं तुमच्यासमोर बसलेलं आहे. बेटा, उभी राहा!’

सगळे माना वळवून आमच्याकडे पाहू लागले. मुलगी हरखून उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय, म्हणून तीही वाजवू लागली. माझे कान तापले. इतकी वर्षं झाली, तरी मी पुन्हा त्या सारवलेल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते आणि तो माणूस माझ्यासमोर फुली मारत होता. या वेळी भर सभेत, शाल पांघरून.

माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. त्यांचे गुडघे धरले होते. पुढच्या खुर्चीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि नातीचे दोन्ही हात त्यांनी आपल्या एका हातात घट्ट पकडले.

‘थांब वो पोरी. कायले वाजवून राहिली?’ मग मान वर करून त्या मोठ्यानं बोलल्या. शेतावरून हाक मारावी इतक्या मोठ्यानं. ‘मास्तर, माह्या भुरीनं लेकरू नाही खाल्लं. डाक्टरीन बाईनं रगत तपासून सांगितलं, तुम्हालेही माहीत हाये. अन् माह्या सुनेचा काही दोष नव्हता. मी गावभर सांगत फिरलो का तिचा दोष हाये म्हनून. आता सगळ्यायच्या म्होरं सांगतो, नव्हता.’

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, आणि या वेळी कोणी कोणाच्या कानाला लागत नव्हतं. मी सासूबाईंचा दंड धरला.

सर व्यासपीठावरून खाली वाकून प्रेमानं म्हणाले, ‘आजी, तुम्हाला पटत नाहीये. थांबा, मी समजावून सांगतो.’

त्यांनी खडू काढला आणि फळ्याकडे वळले. आम्ही तिघी रांगेतून बाहेर पडलो. दारापाशी पोचल्यावर मी एकदाच मागं पाहिलं. बाराच्या ठिकाणी मांजर काढून झाली होती, आणि सर पहिला बाण काढत होते.